सिद्राच्या मुठीचा रंधा

तिक्योकडे हत्यार करून घ्यायला जाणाऱ्याला तो कधी बसा म्हणत नसे, पाणी विचारत नसे. ओल्या चिकणमातीचा एक गोळा हातात ठेवायचा आणि म्हणायचा, "दाबा." झालं, पाहुणचार संपला. समोरच्याने गोळा दाबून परत दिला की तो उलटासुलटा करून बघायचा, खिळ्याने त्यावर नाव आणि साल कोरायचा आणि सावलीत वाळत ठेवायचा. मग त्या वाळल्या गोळ्यावरून बोटं फिरवत फिरवत रंध्याची, पटाशीची, करवतीची मूठ घडवायची. दुसऱ्या कोणी ते हत्यार उचललं तर हातात बसायचंच नाही. उसनं मागून नेलेलं हत्यार आबुनो गावात संध्याकाळच्या आत परत यायचं, ते लोक प्रामाणिक आहेत म्हणून नव्हे, त्यांचे तळवे सोलवटायचे म्हणून!

अख्ख्या आबुनोत घरटी कोणी ना कोणी गिटारीचं काहीतरी करतं. कोणाच्या अंगणात माना कापतात, कोणाच्या ओट्यावर पोटं वाकवतात, कोणी नुसतंच पॉलिश मारतं आणि दिवसभर खोकतं. पण दुकानातली परदेशी हत्यारं कोणाला परवडणार? एका रंध्याच्या किमतीत घरात तीन महिन्यांचा तांदूळ येतो. म्हणून सगळे तिक्योकडे. जीपनीच्या, म्हणजे तिकडच्या वडाप गाडीच्या, तुटलेल्या पाट्यांच्या त्याने पटाश्या केल्या. छत्रीची काडी घासून गिटारीच्या तोंडाभोवतीची नक्षी कोरायची टोकणी केली. गंजक्या पाण्याच्या नळात करवंटीचे निखारे भरून लाकूड वाकवायची सोय केली. बांबू आणि सायकलच्या ट्यूबचे चिमटे तर इतके केले, की गावात फुकट गेलेली ट्यूब सापडेना. दुकानातून पैसे टाकून तो एकच वस्तू आणायचा, कानस. तीही झिजली की तिचा चाकू.

आणि गोळे? ते त्याने कधी टाकले नाहीत. भिंतीला लांबच लांब फळी, तिच्यावर ओळीने पासष्ट जणांच्या मुठी. त्यातले काही लोक वारले होते, काही बोटीवर लागले होते, काही सौदीत जाऊन तिकडचेच झाले होते. दिवस कलला, काम ठेवलं, घरात दुसरं माणूस नाही, मग तिक्यो एखादा गोळा उचलून नुसता हातात धरून बसायचा. एकदा हे खानावळवाल्या बेबांगने खिडकीतून पाहिलं. बेबांग वयाने मोठी, म्हणून सगळे तिला नांग म्हणत, आणि तोंडाने तर फारच मोठी. दुसऱ्या दिवशी जेवायला आलेल्या प्रत्येकाला वाढता वाढता तिने बातमीही वाढली, "आपला तिक्यो मातीशी हस्तांदोलन करतो हं!"

तिक्यो त्रेसष्ट वर्षांचा, बिनलग्नाचा. का बिनलग्नाचा, तर म्हणे आई होती. आई होती ती एक्याण्णव वर्षं होती, तीही अशी खणखणीत, की सून आलीच असती तर तिलाच आधी पोचवून मग गेली असती. बरं, आई जाऊनही चार वर्षं झाली. मग आता कोणाची वाट बघत होता? हे मात्र विचारू नका. विचारलं की तो कानस घ्यायचा आणि कर्रकर्र आवाज सुरू करायचा.

वाट कोणाची ते गावाला माहीत होतं. शेवग्याच्या कुंपणापलीकडे सिद्रा राहायची. तीही एकटी. बहिणीची पोर मर्लिंडा तिने सांभाळून मोठी केली, त्यात लग्नाचं वय कुठे गेलं ते तिलाही कळलं नाही. सिद्रा गिटारीची पुढची फळी करायची, म्हणजे सगळ्यात नाजूक काम. फळी रंध्याने पातळ करत जायची, मधूनमधून बोटाच्या पेराने टकटक करून कान लावायचा, मग आतल्या पट्ट्या चिकटवून त्याही तासायच्या. एक सालपट जास्त गेलं की फळी मेली, एक कमी गेलं की मुकी राहिली. सिद्राच्या फळ्या ना मेल्या, ना मुक्या राहिल्या. तिची सगळी हत्यारं तिक्योच्या हातची. पहिला रंधा केला तेव्हा ती चोवीस वर्षांची होती. तिचा गोळा फळीवर अगदी मधोमध, उजेड पडतो तिथे.

रोज सकाळी तिक्यो कुंपणाशी उभा राहून विचारायचा, "धार बरी आहे ना?" ती म्हणायची, "बरी आहे." छत्तीस वर्षं हे चाललं होतं. एवढ्या वेळात लोकांची लग्नं होतात, मोडतात, पुन्हा होतात.

तर त्या मंगळवारी दुपारी सिद्रा बेबांगच्या खानावळीत आली. माडाच्या पातीत बांधून शिजवलेल्या भाताच्या दोन पुड्या तिने मागितल्या आणि त्यातली एक तिच्याने सुटता सुटेना. बोटांचे सांधे जायफळासारखे टरारलेले. बेबांगने पुडी ओढून घेतली आणि सुरीने टचकन फाडून दिली.

"हात दाखव बघू. अगं बाई! आणि या हाताने तू रंधा मारतेस?"

"मारत नाही आता," सिद्रा म्हणाली. "पूर्वी दिवसाला दोन फळ्या व्हायच्या. गेल्या आठवड्यात एक झाली. मर्लिंडा बोलावतेय कागायानला. दुसरं बाळ झालंय, दुकानही आहे. पुढच्या रविवारच्या बोटीने जाते."

"किती दिवस?"

"जातेच."

कोपऱ्यात तिक्यो सुकटाचा तुकडा व्हिनेगरमध्ये बुडवत होता, तो बुडवतच राहिला. सुकट पार विरघळली असेल बिचारी.

सिद्रा गेल्यावर बेबांग कमरेवर हात ठेवून त्याच्यासमोर उभी राहिली. "ऐकलंस?"

"ऐकलं."

"मग आता काय करणार आहेस?"

तिक्यो एकदम उजळला. "तिचे रंधे जड आहेत गं नांग! फणसाचं भरीव लाकूड आहे ना. हलका करून देतो. इतका हलका, की जोरच लावायला नको. मग ती कशाला जाईल?"

बेबांगने वर छपराकडे बघितलं, जणू तिथून कोणी साक्षीला येणार होतं. "देवा, याला एक डोकं दिलंस, त्यालाही मूठच बसवलीस का रे?"

पण तिक्यो तोवर उठून गेला होता.

तीन दिवस त्याने दुसरं काही केलं नाही. जुन्या यंत्रकरवतीचं पातं त्याने लपवून ठेवलं होतं, चांगलं पोलाद म्हणून, कोणालाही न देता. ते तोडलं. निखाऱ्यात लाल केलं, तेलात बुडवलं, मग चिमट्यात धरून हळूहळू वाळल्या गवताच्या रंगावर आणलं. फणसाच्या हलक्या, वाळक्या तुकड्यातून रंध्याचं अंग काढलं, आतून पोखरलं. तळाला माडाच्या जुन्या बुंध्याची काळी पट्टी बसवली, ती झिजत नाही. शिवणयंत्राचा स्क्रू लावून पात खालीवर करायची सोय केली. आणि मूठ? मूठ घडवायला त्याने फळीवरून सिद्राचा गोळा खाली घेतला. त्यावर बोटं फिरवून फिरवून त्याने ती मूठ अशी घडवली, की डोळे मिटून हात लावला तर कळू नये, माती कुठली आणि लाकूड कुठलं. शेवटी इसइसच्या झाडाच्या खरखरीत पानांनी घासून गुळगुळीत केली. हाताच्या तळव्यात मावेल एवढासा रंधा. आबुनोत एवढी देखणी वस्तू कोणी कधी केली नव्हती, हे त्याला चिडवणाऱ्यांनाही कबूल करावं लागेल.

शुक्रवारी सकाळी स्वारीने धुतलेला शर्ट घातला. कुंपणाशी न थांबता फाटकातून आत गेला, हेच मोठं. सिद्रा ओट्यावर बसून आतल्या पट्ट्या निवडत होती.

"हा घे," तो म्हणाला.

"काय आहे?"

"रंधा. उचलून तर बघ. अंड्याएवढा हलका आहे."

सिद्राने उचलला. उजेडात धरला, पात पाहिली, तळ पाहिला. मग मूठ धरायला गेली. बोटं जागेवर पोचेनात. तिने हात वळवून पाहिला, अंगठा आधी लावून पाहिला, शेवटी डाव्या हाताने उजव्याची बोटं दाबून बसवायला गेली आणि ओठ घट्ट मिटले तिने. मग रंधा मांडीवर ठेवून दिला.

"फार सुंदर झालाय रे. कोणासाठी केलास?"

"कोणासाठी म्हणजे? तुझ्यासाठी."

"नाही रे. ही कोण आहे ते मला माहितीये. चोवीस वर्षांची होती. केस कमरेपर्यंत. एका दमात दहा नारळ सोलायची."

"मूठ तुझीच आहे. फळीवर आहे माझ्या, नाव कोरलंय..."

"माझी होती, तिक्यो."

काहीतरी करायचं म्हणून त्याने ओट्यावरचा तिचा जुना रंधा उचलला. मुठीला चिंधी गुंडाळलेली. पटाशी उचलली, तिलाही चिंधी. करवतीलाही जाडजूड चिंधी, वरून दोरा.

"ह्या घामासाठी बांधतेस ना?"

सिद्रा हसायला लागली. हसता हसता तिने पदर नव्हता म्हणून फ्रॉकच्या बाहीने डोळे पुसले. "घाम! आठ वर्षं मी तुझ्या मुठींना चिंध्या गुंडाळतेय. बोटं मिटेनात, म्हणून मूठ जाड करायची. दर वर्षी एक वेढा जास्त. घाम म्हणे!"

"सांगायचंस ना गं."

"तू रोज कुंपणावरून बघायचास. मला वाटलं, बघतोस."

तिक्योच्या हातात करवत होती. ती ठेवायची कुठे, हेच त्याला सुचेना. छत्तीस वर्षांत गावातल्या प्रत्येकाचा गोळा त्याने दर सात-आठ वर्षांनी नव्याने घेतला होता. हात बदलतो, हे त्याच्याइतकं कोणाला ठाऊक? पण सिद्राचा एकच. तोच तो. तिला पुन्हा "दाब" म्हणायचं त्याला कधी सुचलंच नाही, कारण तो गोळा त्याला पुरत होता. आता ह्याला काय म्हणायचं, तुम्हीच सांगा!

तो घरी गेला आणि ओल्या मातीचा गोळा घेऊन परत आला. "दाब."

सिद्राने दाबला. "एवढाच दाबला जातो."

"पुरे आहे."

"बोटांचा ठसासुद्धा नीट उमटला नाही रे."

"थांब." मग त्याने काय केलं असेल? आपला हात तिच्या हातावर ठेवला आणि वरून हलकेच दाबला. इतक्या वर्षांत कुंपणावरून वस्तू घेतल्या-दिल्या तेवढीच बोटाला बोटं लागलेली. तो खाली मातीकडे बघत होता. ती त्याच्या डोक्यातल्या पांढऱ्या केसांकडे बघता बघता मान वळवून शेवग्याकडे बघायला लागली.

"किती वेळ धरायचा?" तिने विचारलं.

"माती बसेपर्यंत."

"माती केव्हाच बसली, तिक्यो."

निखारा लागावा तसा त्याने हात काढला. गोळा उचलला, नाव कोरलं, साल कोरलं आणि तरातरा निघून गेला. अरे मूर्खा! पण आपण इथे बसून ओरडून काय उपयोग?

हा दुसरा रंधा करताना मात्र त्याला मूठ अशी सापडेना. गोळ्यावर बोटांच्या खाचा नव्हत्याच. एक रुंद, उथळ खळगा होता, बस. दोन दिवस तो त्याकडे बघत राहिला. मग त्याला उमगलं, की धरायची मूठ करायचीच नाही. अळंबीच्या छत्रीसारखं पसरट काहीतरी करायचं, त्यावर तळवा नुसता टेकवायचा, बोटं मोकळी सोडायची, आणि जोर मनगटातून यायचा. असा रंधा त्याने आयुष्यात केला नव्हता. दोन फसले. तिसरा गुरुवारी तयार झाला.

सिद्राने तळवा टेकवला. ढकलला. पट्टीवरून सालपट निघालं, पातळ, लांब, गोल गोल वळत. तिने पुन्हा ढकलला. मग आणखी एकदा. खाली मान घालून ती दुपारपर्यंत तासत राहिली, अख्ख्या फळीच्या पट्ट्या संपवल्या. मग फळी कानाशी धरून पेराने टकटक केली आणि तिचा चेहरा असा झाला, की तिक्यो बघून उगीचच खोकला.

"कसा आहे?"

"हात दुखत नाहीये," ती म्हणाली. तिला स्वतःलाच खरं वाटत नव्हतं.

झालं! तिक्यो तरंगतच खानावळीत आला. "नांग, मिटलं. मुठीचाच प्रश्न होता."

"राहतेय ती?"

"हात चालतोय तिचा! दुपारपर्यंत चालला."

"अरे, राहतेय म्हणाली का?"

"म्हणायला कशाला हवं?"

"तू विचारलंस का, राहतेस का म्हणून?"

"हात चालत असताना माणूस कशाला जाईल नांग? काहीतरीच विचारतेस."

बेबांगच्या हातात पळी होती. ती तिने त्याच्या डोक्यात घातली नाही, हे तिचं मोठेपण. "अरे बाबा, तिला हात नाही, माणूस हवंय. जा, सरळ जाऊन तोंड उघड. दात आहेत ना अजून थोडे? ते पडायच्या आत विचार."

तिक्यो हसला. त्याला वाटलं, ही नेहमीसारखी चेष्टा करतेय. शनिवारी त्याने पुढच्या महिन्याच्या कामासाठी फळ्यांच्या सहा जोड्या आणल्या आणि सिद्राच्या ओट्यावर सावलीत नीट रचून ठेवल्या. मधे मधे काड्या घातल्या, वारा लागावा म्हणून. सिद्रा दारात उभी राहून बघत होती. त्याने वर पाहिलं असतं तर दिसलं असतं, की ती वाट बघतेय. पण फळ्या वाकड्या रचलेल्या त्याला चालत नाहीत.

रविवारी दुपारी तो धार लावायचा दगड घेऊन गेला, तर फळ्या तशाच. दाराशी नायलॉनच्या दोरीने बांधलेलं खोकं आणि एक पिशवी. सिद्राने बाहेर जायचे कपडे घातलेले.

"पण रंधा बसला ना हाताला!" तो म्हणाला. त्याच्या आवाजात तक्रार होती, लहान मुलासारखी.

"छान बसला. घेऊन चाललेय ना बरोबर." तिने पिशवी उघडून दाखवली. एका स्वच्छ टॉवेलमध्ये गुंडाळलेला.

"तिकडे लाकूड कुठे आहे?"

"मर्लिंडाच्या दुकानात साबणाच्या वड्या आहेत. त्या तासेन." मग तिलाच वाईट वाटलं. "चल, खोकं उचल. बंदरापर्यंत येशील का?"

आला. जीपनीत दोघं समोरासमोर बसले, गुडघ्याला गुडघा लागेल इतके. पूल ओलांडला. खोकं त्याच्या मांडीवर होतं आणि त्यावर हनुवटी टेकून तो बसला होता. बंदरावर बोट लागलेली, लोक चढत होते, कोंबड्या ओरडत होत्या, कोणीतरी आंब्यांची करंडी सांडली होती. सिद्राने तिकीट काढून हातात धरलं, पण रांगेत लागली नाही. मागच्यांना पुढे जाऊ दिलं. पुन्हा एका कुटुंबाला जाऊ दिलं. शेवटी बाजूला कोणीच उरलं नाही.

"तिक्यो."

"हं."

"विचार ना काहीतरी."

त्याने तिच्याकडे पाहिलं. खरंच पाहिलं, पहिल्यांदाच. चेहरा, पांढरे केस, कानामागचा तीळ, तिकीट धरलेली ती न मिटणारी बोटं. तोंड उघडलं.

"अंगठ्याच्या मुळाशी... तिथे कड टोचत नाही ना? तिथे जरा जास्त घासायला हवी होती."

सिद्राने मोकळा तळवा त्याच्या दंडावर टेकवला, रंध्यावर टेकवायची तसाच.

"नाही रे," ती म्हणाली. "कुठेच टोचत नाही."

खलाशाने खोकं उचललं. ती फळीवरून वर चढली. वरच्या कठड्याशी इतकी माणसं होती, की त्यातली ती कुठली हे तिक्योला शेवटपर्यंत सापडलं नाही. तरी तो हात हलवत राहिला, बोटीच्या साधारण मधोमध बघून.

परत येईपर्यंत खानावळ आवरली होती. बेबांगने त्याच्यासाठी भाताच्या दोन पुड्या आणि शेवग्याच्या पाल्याचं पातळसं कालवण झाकून ठेवलं होतं. ती बाकावर समोर बसली.

"विचारलंस?"

"विचारलं."

बेबांग पुढे सरकली. "काय म्हणाली?"

"टोचत नाही म्हणाली."

बेबांग उठली, सुरी घेऊन आली आणि त्याची पुडी फाडून दिली, जणू त्याचीही बोटं मिटत नव्हती. मग चुलीतलं लाकूड पाण्यात विझवायला मागे गेली आणि बराच वेळ आलीच नाही.

तिक्यो जेवला. कालवण गार झालं होतं. दुसरी पुडी त्याने उचलली, थोडा वेळ हातात धरून बसला आणि तशीच, न सोडता, ताटाशेजारी ठेवून दिली.